कॅम बदलणार असाल, तर टूरिंग मोटरसायकलसाठी फ्युएल ट्यूनर कसा निवडावा?

प्रश्नाचा आशय असा आहे: गाडी २०१२ सालची हार्ले-डेव्हिडसन टूरिंग, इंजिन १०३ घनइंचांचे ट्विन कॅम. जास्त हवा घेणारा एअर क्लीनर आणि स्लिप-ऑन सायलेन्सर बसवून झाले आहेत, लवकरच हेडपाइप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतची एक्झॉस्ट नळी) आणि कॅमही (व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडतात हे ठरवणारा भाग) बदलायचे आहेत. गाडीवर बहुतेक वेळा दोघे जण असतात आणि सामानाच्या पेट्या भरलेल्या असतात. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, संथ वाहतुकीत मागचा सिलिंडर फार तापतो आणि चढावर वरच्या गिअरमध्ये नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठकठक आवाज) ऐकू येते. अशा गाडीला इंधनाचा हिशेब जुळवण्यासाठी पिगीबॅक ट्यूनर लावावा, फ्लॅश ट्यूनर घ्यावा, की मूळ ईसीएम (इंजिनचा संगणक) काढून स्वतः शिकणारा ऑटो-ट्यून ईसीएम बसवावा?

माझे उत्तर फ्लॅश ट्यूनर असे आहे. मात्र तो आज घेऊ नये. आधी कॅम नक्की करावा, मग डायनोवर (गाडी रोलरवर चालवून इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग करून देणारा माणूस शोधावा आणि तो ज्या ट्यूनरवर रोज काम करतो तोच घ्यावा. बहुतेक जण नेमके याच्या उलट क्रमाने जातात. खोक्यावरची वैशिष्ट्ये वाचून यंत्र घेतात, नंतर कॅम बसवतात आणि शेवटी त्या यंत्राची माहिती असलेला ट्यून करणारा माणूस शोधत फिरतात.

या क्रमाचे कारण ईसीएम इंधनाचा हिशेब कसा करतो यात आहे. या पिढीतील डेल्फी ईसीएम इंजिनात जाणारी हवा प्रत्यक्ष मोजत नाही. तो इनटेक मॅनिफोल्डमधील दाब, हवेचे तापमान आणि इंजिनचा वेग पाहतो, सिलिंडर किती टक्के भरत असेल याचा आकडा आपल्या व्हीई (व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी) तक्त्यातून उचलतो, त्यावरून हवेचे वजन काढतो आणि त्या वजनाला अपेक्षित हवा-इंधन गुणोत्तराने भागून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. पुढच्या आणि मागच्या सिलिंडरचे व्हीई तक्ते वेगळे असतात, कारण ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये दोन ठिणग्यांमधील अंतर आलटून पालटून ३१५ आणि ४०५ अंश असते आणि दोन्ही सिलिंडर सारखे भरत नाहीत. एअर क्लीनर, हेडपाइप किंवा कॅम बदलला की सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो हे बदलते, पण तक्त्यातला आकडा जुनाच राहतो. ट्यूनरचे खरे काम तो आकडा दुरुस्त करण्याचे आहे. ‘जास्त पेट्रोल सोडणारे यंत्र’ अशी त्याची ख्याती असली, तरी चांगल्या ट्यूनिंगनंतर तक्त्याच्या काही कप्प्यांत इंधन पूर्वीपेक्षा कमीही होते.

चूक किती मोठी आहे, यावर पुढचा निर्णय ठरतो. केवळ स्लिप-ऑन सायलेन्सर बदलले असतील, तर ट्यूनर नसला तरी चालते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ‘ट्यूनरशिवाय इंजिन जळेल’ ही भीती बरीचशी विक्रीसाठी पसरवलेली आहे. सपाट रस्त्यावर एकसमान वेगाने जाताना ईसीएम ऑक्सिजन सेन्सर पाहून मिश्रण १४.७ला एक या गुणोत्तराजवळ आणतो, केलेली दुरुस्ती लक्षात ठेवतो आणि सेन्सरचे न ऐकता चालण्याच्या जड भाराच्या भागातही तिचा काही अंश वापरतो. लहान बदल अशा रीतीने पचतात. एअर क्लीनर आणि सायलेन्सर दोन्ही बदलल्यावर ही क्षमता ताणली जाते, हेडपाइप बदलल्यावर अपुरी पडू लागते आणि कॅम बदलल्यावर तिच्यावर विसंबून राहणे चूक ठरते.

कॅमला इतके महत्त्व देण्याचे कारण इंधनापेक्षा इग्निशन टायमिंगमध्ये (ठिणगी नेमकी कधी पडते त्यात) जास्त आहे. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन खालच्या टोकाला पोहोचून गेल्यावर किती अंशांनी बंद होतो, यावर कमी वेगात सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष दाब किती तयार होतो हे ठरते. व्हॉल्व्ह लवकर बंद करणारा कॅम २००० ते ३००० आरपीएमच्या पट्ट्यात भरपूर टॉर्क देतो. ओझे वाहणाऱ्या टूरिंग गाडीला तो शोभतो, पण त्याच पट्ट्यात सिलिंडरमधील दाब वाढतो आणि मूळ टायमिंग तसेच ठेवले तर नॉकिंग वाढते. व्हॉल्व्ह उशिरा बंद करणारा कॅम खालच्या वेगात दाब सोडून देतो, त्यामुळे तिथे टायमिंग थोडे पुढे घेता येते आणि खरी कमाई वरच्या वेगात होते. कॅमची माहितीपत्रके तुलना करताना सर्व अंश एकाच लिफ्टला (कॅमने उचललेल्या उंचीला) मोजलेले आहेत ना, हे पाहावे. या इंजिनांसाठी ०.०५३ इंच लिफ्टला मोजण्याची पद्धत रूढ आहे आणि वेगळ्या लिफ्टला मोजलेले आकडे शेजारी ठेवले तर फसगत होते. तात्पर्य, ज्या ट्यूनरमधून टायमिंगचा पूर्ण तक्ता बदलता येत नाही, तो कॅम बदललेल्या गाडीसाठी अपुरा आहे.

आता पर्याय पाहू. सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या तारेत बसवायचे छोटे यंत्र. ते सेन्सरचा संदेश थोडा सरकवते आणि ईसीएमला मिश्रण आहे त्यापेक्षा लीन (कमी इंधनाचे) असल्याचे भासवते. संथ वेगातील तापमान थोडे कमी करण्यापुरता त्याचा उपयोग होतो, कॅमच्या संदर्भात त्याचा विचारही करू नये.

पिगीबॅक ट्यूनर ईसीएम आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसतो आणि ईसीएमने दिलेली इंजेक्टरची वेळ टक्केवारीने कमी-जास्त करतो. पॉवर कमांडर हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. मूळ ईसीएमला हात लागत नाही, यंत्र काढले की गाडी पूर्ववत होते आणि ते दुसऱ्या तशाच गाडीवर वापरता येते, हे त्याचे गुण खरेच आहेत. अडचण अशी की सेन्सर चालू असताना पिगीबॅकने इंधन वाढवले, तर ईसीएमला मिश्रण रिच (जास्त इंधनाचे) दिसते आणि तो तेवढेच इंधन कमी करतो. दोघांची ही ओढाताण थांबवण्यासाठी अनेक किटांमध्ये सेन्सर काढून त्यांच्या जागी बंद प्लग लावतात. त्यानंतर ईसीएम कायमचा आंधळा चालतो, आणि लांबच्या प्रवासात ठिकठिकाणी वेगवेगळे पेट्रोल भरणाऱ्या गाडीसाठी ही गैरसोय लहान नाही. शुद्ध पेट्रोलचे आदर्श गुणोत्तर १४.७ असते, दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे ते सुमारे १४.१ होते. सेन्सर जागेवर असतील तर हा फरक आपोआप भरून निघतो. सेन्सर काढले तर मिश्रण तेवढे लीन होते आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. शिवाय ईसीएमच्या आतला टायमिंगचा तक्ता पिगीबॅकला बदलता येत नाही. तेव्हा एअर क्लीनर आणि एक्झॉस्टवर थांबायचे असेल तर पिगीबॅक चालेल, पण प्रश्नकर्त्याला तिथे थांबायचे नाही.

फ्लॅश ट्यूनर वेगळ्या प्रकारे काम करतो. तो गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून ईसीएममधील मूळ मॅप (अशा सर्व तक्त्यांचा संच) वाचून घेतो आणि त्या जागी बदललेला मॅप लिहितो. काम झाल्यावर गाडीवर कोणतेही जादा यंत्र राहत नाही. पॉवर व्हिजन, टीटीएस मास्टरट्यून, व्हान्स अँड हाइन्सचा एफपी३ ही या प्रकारातील ओळखीची नावे. मात्र हे सर्व एकाच तोलाचे नाहीत. काही यंत्रांची रचना मोबाइल ॲपमधून तयार मॅप निवडावा आणि थोडेफार फेरबदल करावेत अशी असते, तर काहींमध्ये दोन्ही सिलिंडरांचे व्हीई आणि टायमिंगचे तक्ते, अपेक्षित गुणोत्तर, थंड इंजिनाचे इंधन, थ्रॉटल एकदम उघडताना वाढवायचे आणि सोडताना कमी करायचे इंधन, आयडल वेग आणि इंजेक्टरचा प्रवाह अंक असे सर्व काही उघडे असते. कॅम बदलायचा असेल तर दुसऱ्या प्रकारचेच यंत्र घ्यावे. इंजेक्टरचा अंक आज अनावश्यक वाटेल, पण इंजिन आणखी मोठे केले आणि पूर्ण भाराला इंजेक्टर उपलब्ध वेळेच्या ८०-८५ टक्क्यांहून अधिक काळ उघडे राहू लागले, की मोठे इंजेक्टर लावावे लागतात आणि त्या वेळी तो अंक बदलता येणे आवश्यक असते.

तिसरा मार्ग म्हणजे थंडरमॅक्ससारखा पूर्ण बदली ईसीएम. त्याच्यासोबत वाइडबँड सेन्सर येतात आणि गाडी चालत असतानाच तो मिश्रण मोजून दुरुस्त करत राहतो. कंपनीच्या सेन्सरला मिश्रण १४.७च्या रिच बाजूला आहे की लीन बाजूला, एवढेच कळते. वाइडबँड सेन्सरला साधारण दहापासून विसापर्यंतचे नेमके गुणोत्तर कळते. ही सोय मोलाची आहे आणि डायनो जवळपास कुठेच उपलब्ध नसेल तर मी हाच मार्ग सुचवीन. तरीही टूरिंग गाडीवर मी तो पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही. असा ईसीएम मुख्यतः थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवरून इंधन ठरवतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो आणि तीन हजार मीटर उंचीवर तो सुमारे ७० होतो. म्हणजे थ्रॉटल तेवढाच उघडा असला तरी हवा जवळपास तीस टक्क्यांनी कमी असते. बदली ईसीएम हा फरक दाबाच्या वेगळ्या दुरुस्तीने सांभाळतो, तर मूळ ईसीएमचा सगळा हिशेबच दाबावर उभा असल्यामुळे घाट चढताना त्याला वेगळे काही करावे लागत नाही. दुसरा मुद्दा नॉकिंगचा. मूळ डेल्फी ईसीएम ज्वलनानंतर स्पार्क प्लगच्या टोकांमधून वाहणारा अतिसूक्ष्म आयन प्रवाह वाचून नॉकिंग ओळखतो आणि टायमिंग मागे घेतो. बदली ईसीएममध्ये याच्या तोडीची सोय आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. जाता जाता एक सूचना: याच कारणासाठी या गाडीवर रेझिस्टर नसलेले प्लग किंवा वायर कधीही लावू नयेत, ईसीएमला त्या तारेतून गोंगाटच ऐकू येतो.

फ्लॅश ट्यूनरसोबत मिळणाऱ्या ऑटो-ट्यूनविषयी मोठे गैरसमज आहेत, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कंपनीचेच सेन्सर वापरून ट्यून करायचे असेल, तर आधी मॅपमधील सर्व अपेक्षित गुणोत्तरे तात्पुरती १४.७च्या आसपास आणावी लागतात, कारण त्या सेन्सरला दुसरे काही वाचताच येत नाही. मग गाडी वेगवेगळ्या वेगांत आणि भारांत चालवून नोंदी घ्यायच्या आणि त्या नोंदींवरून सॉफ्टवेअर व्हीईचे आकडे सुधारते. हलक्या आणि मध्यम भाराला ही पद्धत खरोखर उत्तम काम करते. पण दोघे जण बसलेले असताना चढावर थ्रॉटल पूर्ण उघडून १४.७वर इंजिन राबवणे धोक्याचे असते, त्यामुळे सर्वाधिक भाराचे कप्पे नोंदीविना राहतात आणि शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. हेच कप्पे तुमच्या नॉकिंगच्या तक्रारीचे उगमस्थान आहेत. उलट टोकाला, आयडलजवळ, दुसरी गडबड होते. जास्त ओव्हरलॅपचा (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे ठेवणारा) कॅम आणि आखूड किंवा फार मोकळा एक्झॉस्ट असेल तर बाहेरची ताजी हवा पाइपमधून उलट आत शिरून सेन्सरपर्यंत पोहोचते, सेन्सर मिश्रण लीन असल्याचे सांगतो आणि ऑटो-ट्यून तिथे इंधन ओततच राहतो. हेडपाइपचे गॅस्केट गळत असेल तरी हाच परिणाम होतो. मिश्रण रिच असूनही सॉफ्टवेअर समाधानी दिसते, प्लग मात्र काळे पडतात आणि ऑइलला पेट्रोलचा वास येऊ लागतो. वाइडबँड लावल्याने हा दोष जात नाही, कारण खोटी हवा त्यालाही तितकीच खोटी दिसते. म्हणून ऑटो-ट्यूनने सुचवलेले आकडे आलेखावर पाहावेत. शेजारच्या कप्प्यांशी न जुळणारा एखादा उंचवटा दिसला तर तो इंजिनाचा गुण नसून मापनाचा दोष असण्याची शक्यता जास्त असते आणि तो हाताने सपाट करावा.

वाइडबँड घ्यायचेच ठरले तर सेन्सरच्या आट्यांचा आकार आधी पाहावा. २००७ ते २००९ या वर्षांच्या टूरिंग गाड्यांवर १८ मिलिमीटरचे सेन्सर होते, २०१० पासून ते १२ मिलिमीटरचे झाले, आणि नेहमीचे वाइडबँड सेन्सर १८ मिलिमीटरचे असतात. हेडपाइप नवीन घेणारच आहात, तेव्हा दोन्ही मापांच्या जागा असलेला घ्यावा, नंतर वेल्डिंगचा खटाटोप उरत नाही.

आता डायनो आणि तो चालवणाऱ्याविषयी. डायनोचा छापील आलेख बहुधा पूर्ण थ्रॉटलचा असतो, तर टूरिंग गाडी आपले बहुतेक आयुष्य २००० ते ३५०० आरपीएममध्ये आणि थ्रॉटल जेमतेम उघडलेला असताना घालवते. हमरस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये हे इंजिन साधारण २५०० ते २८०० आरपीएमवर फिरते. त्यामुळे ‘किती हॉर्सपॉवर निघेल?’ हा प्रश्न मी शेवटी विचारीन. पहिला प्रश्न असा असावा की डायनोला भार देणारा ब्रेक आहे का, म्हणजे इंजिन एका ठराविक वेगाला आणि दाबाला धरून ठेवून तक्त्यातील कप्पे एकेक करून भरता येतात का. केवळ जड ड्रम फिरवणाऱ्या डायनोवर हे नीट जमत नाही. त्यानंतर विचारावे की दोन्ही सिलिंडर वेगवेगळे मोजले जातात का, आणि मिश्रण सायलेन्सरच्या टोकाशी मोजतात की हेडपाइपमधील सेन्सरच्या जागी. जो माणूस ही उत्तरे न कंटाळता देतो आणि काम संपल्यावर मॅपची फाइल तुमच्या हाती ठेवण्यास तयार असतो, त्याच्याकडे कोणतेही पूर्ण क्षमतेचे फ्लॅश यंत्र असले तरी निकाल चांगला येतो. अशा यंत्रांमधील फरक हा ट्यून करणाऱ्यांमधील फरकापेक्षा नेहमीच लहान असतो.

तुमच्या तीन तक्रारींपैकी फटफट आवाजासाठी आधी गॅस्केट आणि क्लॅम्प तपासावेत. गळतीतून शिरलेली हवा तो आवाज करते आणि कोणताही मॅप गळती बुजवत नाही. गळती नसेल तर थ्रॉटल सोडल्यावर मिळणारे इंधन थोडे वाढवून काम भागते.

उष्णतेबाबत अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. संथ वेगातील मिश्रण १४.६ वरून १३.५ वर आणले तर एक्झॉस्टचे तापमान उतरते, पण त्या भागात सुमारे आठ टक्के जास्त पेट्रोल जळते. म्हणून मी एकसमान वेगाच्या कप्प्यांत सेन्सर चालूच ठेवतो, त्यांचा बायस (ईसीएमने गाठायचा सेन्सरचा व्होल्टेज) वाढवून मिश्रण १४.२-१४.३ पर्यंत किंचित रिच करतो आणि अधिक रिच मिश्रण फक्त आयडल आणि रांगत्या वेगापुरते राखतो. गरजेपेक्षा मागे घेतलेले टायमिंगही एक्झॉस्ट तापवते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडी उभी असताना तापली की मागचा सिलिंडर तात्पुरता बंद करण्याची कंपनीची सोय या गाड्यांत आहे. ती तुमच्या मॅपमध्ये सुरू आहे का ते पाहून घ्यावे, अनेकदा तेवढ्यानेच तक्रार मिटते.

चढावरच्या नॉकिंगसाठी १८०० ते २५०० आरपीएम आणि ८० किलोपास्कलच्या वरचे कप्पे मुख्य आहेत. तिथे गुणोत्तर १३ च्या आसपास ठेवून टायमिंग दोन ते चार अंश मागे घेतल्यास बहुतेक गाड्या शांत होतात, आणि टॉर्कमध्ये जाणवण्यासारखी घट होत नाही, कारण नॉकिंग झाल्यावर ईसीएम याहून जास्त टायमिंग स्वतःच मागे घेत असतो. ज्या भागात हलक्या ऑक्टेनचेच पेट्रोल मिळते तिथे जाण्यापूर्वी आणखी मवाळ टायमिंगचा दुसरा मॅप यंत्रात साठवून ठेवावा. हातात मावणारा, संगणकाशिवाय मॅप बदलू देणारा फ्लॅश ट्यूनर प्रवासात उपयोगी पडतो तो यासाठी.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. फ्लॅश ट्यूनर पहिल्यांदा वापरताच तो त्या गाडीच्या ईसीएमशी बांधला जातो, त्यामुळे जुना ट्यूनर स्वस्तात मिळाला तरी त्याचा परवाना मोकळा आहे याची खात्री हवी. दुसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेत २०१६ साली पर्यावरण संरक्षण संस्थेशी झालेल्या तडजोडीत खुद्द हार्ले-डेव्हिडसनने १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला आणि आपल्या सुपर ट्यूनरची विक्री थांबवली. २००८ पासून अशी सुमारे ३,४०,००० यंत्रे विकली गेली होती. त्यानंतर कंपनीने कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची मान्यता असलेला, मिश्रणावर मर्यादा घालणारा स्ट्रीट ट्यूनर आणला. हेडपाइप निवडतानाही हाच विचार लागू होतो, कारण या पिढीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यातच असतो आणि तो काढलेली गाडी रस्त्यासाठी वैध राहत नाही. कन्व्हर्टरसह येणारे चांगले हेडपाइप मिळतात आणि वर सांगितलेल्या पट्ट्यात त्यांनी होणारा तोटा फारसा जाणवत नाही.

काम करताना आधी मूळ मॅप वाचून दोन ठिकाणी जपून ठेवावा. कॅम आणि हेडपाइप एकाच वेळी बसवावेत, म्हणजे डायनोचा खर्च दोनदा होणार नाही. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी तुमच्या कॅमशी आणि एक्झॉस्टशी सर्वांत जवळ जाणारा तयार मॅप फ्लॅश करावा. फ्लॅश होत असताना बॅटरी कमकुवत असेल तर ईसीएम अर्धवट लिहिला जाऊ शकतो, म्हणून चार्जर जोडून ठेवावा. त्यानंतर एकट्याने, पेट्या रिकाम्या ठेवून, पूर्ण थ्रॉटल टाळून थोडे अंतर चालवावे, गळती आणि प्लग तपासावेत आणि मगच गाडी डायनोवर न्यावी.